समोरचा पाट

१

वाटूर फाट्यावर साहेबरावांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत फोटो निघतात आणि मागच्या खोलीत लग्नांच्या शूटिंगचं मिक्सिंग होतं. पुढची खोली साहेबरावांची, मागची त्यांच्या बायकोची, मीनाची. दहावी करून मीना या घरात आली, तेव्हा तिनं कॉम्प्युटर लांबूनसुद्धा पाहिलेला नव्हता. आता नवरीचं रडणं कुठं कापायचं आणि मामाचं नाचणं किती ठेवायचं, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

दुपारची जेवणं आटोपली की शटर अर्धं ओढून, कूलर लावून ती बसायची. बाहेर जालन्याहून आलेले ट्रक परतूरकडं वळताना हॉर्न द्यायचे. आत कूलरचं पाणी ठिबकायचं. ही खोली आधी स्वयंपाकघराला लागून असलेली दळणाची खोली होती. ते जातं अजून तिथंच कोपऱ्यात होतं. त्याच्यावर चादर, चादरीवर फळी आणि फळीवर प्रिंटर. जागेला जागा आणि टेबलाला टेबल.

त्या वैशाखात घरातच लग्न होतं. साहेबरावांचे थोरले भाऊ राधेश्याम, त्यांची तृप्ती. तृप्तीची आई उषाबाई, म्हणजे मीनाची थोरली जाऊ, तृप्ती लहान असतानाच डोक्यात ताप जाऊन गेली होती. तेव्हापासून लेकराची वेणी मीनाच्याच हातची.

"काकू, एक मागू?" बांगड्यांचं माप देऊन आलेली तृप्ती दारात टेकून म्हणाली.

"माग की. पण मिक्सर मागू नको, तो दोघांनी आणलाय आधीच."

तृप्ती हसली, मग म्हणाली, "हळदीला आईचा आवाज लावायचा का गं? वंदना आत्याच्या हळदीत तिनं ओव्या म्हणल्या होत्या म्हणं. मला तिचा आवाज आठवतच न्हाई. किती डोळे मिटले तरी न्हाई आठवत."

मीनानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "लावू. त्यात काय. काढते मी."

बोलताना ते फारच सोपं वाटलं होतं.

२

वंदना मीनाची नणंद. तिच्या लग्नाचं शूटिंग डिस्कमध्ये होतं, पण बांधून ठेवलेलं. हरिओम नावाचा मुलगा पूर्वी स्टुडिओत कामाला होता; त्यानं जागा वाचावी म्हणून जुनी लग्नं दाबून, घट्ट बांधून ठेवली होती, पावसाळ्याआधी गाद्या बांधतात तशी. आता तो पुण्यात कंपनीत होता. मीनानं फोन लावला.

"काकू, ती काळी खिडकी उघडा. चित्रं नसलेली, नुसती अक्षरं असलेली."

"उघडली बाबा. भीतीच वाटते हिची. कुठं बोट ठेवावं कळत न्हाई."

"भ्यायचं न्हाई. मी सांगतो ते बराबर तसंच टाइप करा आणि एन्टर मारा. आणि एक ध्यानात ठेवा, हे अवजार लई मुकं हाये. काम बराबर झालं तर काहीच बोलत न्हाई, गप पुढची ओळ देतं. बोललं तर समजायचं, बिघडलं."

"आमच्या सासऱ्यांसारखं," मीना म्हणाली. तिकडं हरिओम खो खो हसला.

तिनं एकेक अक्षर टाइप केलं. एन्टर मारला. अवजार बोललं.

मीनानं अडखळत वाचून दाखवलं, "अनएक्स्पेक्टेड एन्ड ऑफ फाइल."

हरिओम म्हणाला, "म्हणजे फाइल मधेच तुटलीय, काकू. मी बांधत होतो तेव्हाच लाइट गेली असंल. लोडशेडिंग होतं ना तेव्हा. आणि मी येडा, नीट बांधली गेली का ते न पाहताच मूळची पुसून टाकली."

"मंग आता?"

"तुटल्याच्या आधीचं निघंल. जेवढं निघंल तेवढं काढू."

त्यानं दुसरी ओळ सांगितली. अवजार पुन्हा तेच बोललं, पण या वेळी तुटण्याआधीचा तुकडा बाहेर पडला. मीनानं तो लावला.

हीच खोली. भिंतींना निळा रंग. मधोमध जातं, खुंट्याला आंब्याचा डहाळा आणि कापडात बांधलेली हळकुंड-सुपारी. कॅमेऱ्याकडं पाठ करून उषाबाई बसलेली. ती नेहमी अशीच बसायची. "माझा फोटो नको गं बया, मी पाठमोरीच बरी दिसते," म्हणायची. अंबाड्यात मोगरा. आणि तिच्या समोर, जात्याच्या पलीकडं, पाटावर तरणीताठी मीना, हसू दाबून बसलेली. एकाच खुंट्यावर दोघींचे हात.

या घराची एक रीत होती. हळद दळताना पहिली ओळ थोरल्या हाताची. दुसरी ओळ समोरच्या पाटावर बसलेलीची, आणि नवरीचं नाव तिनंच घ्यायचं. नाव घेतलं म्हणजे ओवी नवरीच्या पदरात पडली. अर्धी ओवी जात्यात ठेवू नये, आणि रिकामं जातं फिरवू नये, असं सासूबाई सांगायच्या.

उषाबाईनं गळा काढला,

"हळकुंड दळिते गं, जातं फिरतं घरघरा..."

समोरच्या मीनानं तोंड उघडलं, आणि चित्र तिथंच थांबलं.

मीनाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. फोन अजून चालूच होता हे ती विसरली होती. "आवाज आला का काकू?" हरिओमनं विचारलं.

"आला रे," ती म्हणाली. "अगदी तस्साच आला."

३

पण अर्धी ओवी लग्नात लावायची कशी? दुसऱ्या दिवशी दुपारी हरिओमनं सांगितल्याप्रमाणं तिनं जुन्या डिस्कवर राहिलेली त्याच बांधलेल्या फाइलची दुसरी प्रत आणून पुन्हा तेच केलं. अवजार या वेळी जास्त वेळ घेत राहिलं. मग बोललं, पण निराळं बोललं.

"हे तर सीआरसी एरर हाये," हरिओम म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य होतं. "म्हणजे फाइल शेवटपर्यंत निघाली, काकू. पण मेळ लागत न्हाई."

"कशाचा मेळ?"

"बांधताना ते आतल्या मालाचं वजन करून खूण ठेवतं, समजा. सोडताना परत वजन करतं. दोन्ही सारखं न्हाई आलं तर वरडतं. आत ठेवलेलं एक आणि बाहेर आलेलं दुसरंच, असं त्याचं म्हणणं." मग त्यानं विचारलं, "तुम्ही काही घातलं तर न्हाई ना त्यात?"

"मी काय घालणार? मला काढायचंच कळंना."

तिनं फोन ठेवला आणि तुकडा लावला.

तीच खोली. तीच पाठ, तोच मोगरा. "हळकुंड दळिते गं, जातं फिरतं घरघरा..." उषाबाई थांबली. चित्र मात्र थांबलं नाही. जातं फिरत राहिलं. आणि मग मीनाच्या ध्यानात आलं की समोरचा पाट रिकामा आहे.

आपण पाणी आणायला उठलो असू, तिनं मनाशी म्हटलं. हळदीच्या दिवशी किती वेळा उठावं लागतं. कुणी हाक मारली असेल, चहा उतू गेला असेल. पण काल तर याच ठिकाणी आपण बसलो होतो, तोंड उघडलं होतं. काल पाहिलेला तुकडा तिनं पुन्हा लावून पाहिला. तिथंही पाट रिकामा.

रडत होतो आपण, तिनं स्वतःला समजावलं. डोळ्यांत पाणी असलं की काय दिसतं माणसाला.

तिनं आवाज वाढवला. जात्याची घरघर ऐकली आणि तिच्या हातावर काटा आला. दळण दळलेल्या बाईला तो आवाज न पाहताही कळतो. दगडावर दगड. मधे काहीच नाही. उषाबाई रिकामं जातं फिरवत होती.

"मीने," पाठमोरी उषाबाई म्हणाली, आवाजात तेच जुनं खट्याळपण. "लक्ष कुठंय तुझं?"

मीनानं चित्र बंद केलं. कूलरचं बटणही बंद केलं. खोली शांत झाली. तरी कोपऱ्यात, प्रिंटरखाली, चादरीच्या आत काहीतरी हळूहळू थांबल्यासारखं वाटलं, फिरतं जातं हात सोडल्यावर आपल्याच वजनानं थांबतं तसं.

ट्रक गेला असेल. फाट्यावरून मोठा ट्रक गेला की प्रिंटर थरथरतोच.

४

ती कुणाला बोलली नाही. साहेबरावांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, ऊन लागलंय तुला, लिंबू-पाणी घे. आणि खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी शटर ओढल्यावर तिचे हात आपसूक त्याच फाइलकडं गेले. भीती होतीच, पण भीतीहूनही त्या आवाजाची ओढ मोठी होती. इतक्या वर्षांत "मीने" म्हणणारं कुणी राहिलंच नव्हतं.

या वेळी भिंती निळ्या नव्हत्या. पिस्ता रंगाच्या होत्या. हा रंग तर गेल्या दिवाळीत दिलेला.

उषाबाईचं दळणं चालूच होतं, तेच कोरडं, दातांत कळ आणणारं. ती पहिली ओळ म्हणायची, थांबायची, पुन्हा म्हणायची. घाई नव्हती, राग नव्हता. पाळण्याजवळ बसलेली बाई जशी दोरी ओढत राहते, तशी. मीना टेबलाला धरून पाहत राहिली. मग खुंट्यावर, उषाबाईच्या हाताच्या वर, दुसरा हात आला. नुसता मनगटापर्यंत दिसत होता. त्यात हिरव्यागार नव्या बांगड्या होत्या.

त्याच वेळी मागून कुणीतरी तीच ओळ गुणगुणलं.

मीना दचकून वळली. दारात तृप्ती होती. वाटूरच्या बाजारातून नुकताच चुडा भरून आलेली, दोन्ही हात पुढं करून दाखवत. "कसा दिसतो, काकू?"

मीनानं घाईनं पडदा मिटला. "छान दिसतो. आता काय म्हणत होतीस गं?"

"काय की. कालपासून तोंडातच बसलंय. घरघरा, घरघरा. पुढचं आठवतच न्हाई." तिनं उजवा खांदा चोळला. "आणि हा हात लई दुखून राह्यलाय. काही केलं पण न्हाई मी. दळण दळल्यासारखा भरून आलाय."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून. झोपले होते तर वाटलं, कुणीतरी म्हणतंय, ये बस." तृप्ती हसली. "लग्नाची धास्ती असंल, न्हाई का? आईचं निघालं का गं शूटिंग?"

"न्हाई अजून," मीना म्हणाली. "तू या खोलीत नको येऊ आता. उकडतं इथं. काळी पडशील ऐन लग्नात."

"मी काळीच हाये," तृप्ती म्हणाली आणि बांगड्या वाजवत गेली. वाजणं दूरवर ऐकू येत राहिलं. मीना ते शेवटपर्यंत ऐकत राहिली.

५

"फाइल पुसायची असली तर?" तिनं फोनवर विचारलं.

"पुसायची? काकू, एवढी मेहनत केली आणि..." हरिओमला नवल वाटलं. पण त्यानं ओळ सांगितली. "नीट इचार करा. या खिडकीतनं पुसलं की परत न्हाई मिळत. देवाला सांगून पण न्हाई."

मीनानं ती ओळ टाइप केली. बोट एन्टरवर नेलं.

एक बोट दाबायचं होतं. लेकराचा हात दुखायचा थांबला असता. उषाबाईचा आवाजही कायमचा गेला असता. मग तृप्तीनं उरलेल्या जन्मात कितीही डोळे मिटले असते तरी काही आठवलं नसतं, आणि तिला दिलेला शब्द मोडणारी आपणच. शिवाय कुणाला पुसत होतो आपण? तापात बडबडतानासुद्धा जी बाई म्हणत होती, "मीने, तिचे केस गुंततात गं, हळू विंचर," तिला?

ती लेक ओढून नेणारी बाई नव्हती. पण रिकाम्या पाटासमोर एवढी वर्षं दळत बसलेलं माणूस कसं होत असेल, कुणास ठाऊक. समोर कुणीतरी यावं एवढंच त्याला कळत असेल. कोण आलं, हे बघायचं भान राहत असेल का?

मीनानं मागं जाणारं बटण दाबून ती ओळ एकेक अक्षर पुसून टाकली.

मग ती उठली. प्रिंटर उचलून खाली ठेवला. फळी काढली, चादर काढली. जातं पुसलं. दळायला आणून ठेवलेली हळकुंडं कुटली, सुपात घेतली. कोपऱ्यातला जुना पाट आणून जात्यापाशी मांडला आणि त्यावर बसली. गुडघा कुरकुरला. समोरची जागा मोकळीच होती. तिथं तिनं काही ठेवलं नाही.

बसल्या बसल्या तिनं हात लांब करून चित्र चालू केलं आणि पडद्याकडं पाठ केली. बघायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

"हळकुंड दळिते गं, जातं फिरतं घरघरा..."

"बाई, मी बसलेय," मीना म्हणाली. "लेकराला नका बोलावू. तिला जायचंय. तिच्या वाटचं मी बसते."

मागं आवाज थांबला. नुसती घरघर राहिली.

मीनानं जात्यात हळदीची मूठ घातली, खुंटा धरला आणि गळा काढला. किती वर्षांनी. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

"तृप्ती निघाली सासरी, सोनं पिकू दे पदरा..."

जातं जड असतं. एकटीनं ओढायला दोन माणसांचं बळ लागतं. पण ते फिरलं. फिरलं, आणि मग इतकं हलकं झालं, की अर्ध्या फेऱ्याला तिला काही ओढावंच लागेना. तिनं मान वर केली नाही. खुंट्यावर आपल्या हाताच्या खाली थंड काही टेकलंय, हे तिला कळत होतं. मोगऱ्याचा वास आला. घरात तर मोगरा नव्हता.

मागून येणारी घरघर आणि तिच्या हाताखालची घरघर केव्हा एक झाली, ते तिला सांगता आलं नसतं. आवाज मात्र आता कोरडा नव्हता. भरलेला होता.

तिनं मान वर केली तेव्हा जात्याभोवती पिवळीधमक हळद पडली होती. सुपातली हळकुंडं संपली होती. पाठीमागचा पडदा काळा झाला होता.

६

हात पुसून ती काळ्या खिडकीपुढं बसली. फाइल तपासायची ओळ हरिओमनं दिलेलीच होती. तिनं टाइप केली. एन्टर मारला.

अवजार काही बोललं नाही. गप पुढची ओळ दिली.

७

हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकर लावला. उषाबाईचा आवाज उठला आणि बायका चिडीचूप झाल्या. राधेश्याम पाहुण्यांना पाणी देता देता खांबाला धरून उभे राहिले. तृप्ती पाटावर डोळे मिटून बसली होती. गालावरच्या हळदीतून पाण्याच्या रेघा उतरत होत्या, पण ती हसत होती. हाताचं दुखणं? ते तर त्या दिवशी दुपारीच गेलं होतं. औषध न घेताच गेलं, असं ती सगळ्यांना सांगत होती.

वंदना मीनाच्या शेजारी सरकली. "वहिनी, एक सांग. ही माझी हळद ना?"

"हो, ताई."

"मंग माझ्या हळदीत तू तृप्तीचं नाव कसं घेतलं गं? एवढंसं लेकरू होतं ते." तिनं डोळे बारीक केले. "आणि तेव्हा तुझा आवाज कोवळा होता की."

"फाइल खराब झाल्ती," मीना म्हणाली. "नवी करावी लागली."

"असं होय. बरी केलीस," वंदना म्हणाली आणि हळदीचं ताट उचलून पुढं गेली.

लग्न झालं. तृप्ती तीर्थपुरीला नांदायला गेली. मांडव उतरला. एका दुपारी मीनानं शटर अर्धं ओढलं, कूलर लावला आणि पहिल्यांदाच ते चित्र समोर बसून पाहिलं.

पिस्ता रंगाच्या भिंती. पाठमोरी उषाबाई, अंबाड्यात मोगरा. समोरच्या पाटावर मीना. तरणीताठी नव्हे, आत्ताची. भांगात पांढरे केस, कानावर चष्म्याची दोरी. ओवी झाली, नाव घेऊन झालं. जातं थांबलं. मग उषाबाईनं चेहरा जरा वर केला असावा, कारण मोगऱ्याचं एक फूल हललं. आणि तिकडच्या मीनाचा सगळा चेहरा उजळला. किती वर्षांनी कुणी घरी आल्यावर उजळतो, तसा. तिला समोर काय दिसत होतं, ते इकडच्या मीनाला दिसलं नाही. तिला फक्त पाठ दिसत होती.

चित्र संपायला हवं होतं. ते संपलं नाही. दोघी नुसत्या बसून राहिल्या, खुंट्यावर हातावर हात ठेवून, दुपारचं काम उरकलेल्या जावा बसतात तशा. तिकडच्या मीनाला उठायची काही घाई दिसत नव्हती.

इकडच्या मीनानं डोळे पुसले. तिचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भरून आला होता. तो दुखत होता, आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं.